वाचकांचे प्रश्न : सपाट छतातल्या काचेला पडदा कोणता?

या खेपेला इंग्लंडमधल्या वाचकांची पत्रं जास्त आहेत आणि जवळजवळ सगळी एकाच जागेबद्दल आहेत. घराच्या मागच्या अंगाला वाढवलेलं स्वयंपाकघर, त्यावर सपाट छत आणि छतात बसवलेली काच. तिला कोणी स्कायलाइट म्हणतं, कोणी रूफलाइट. डिसेंबरात उजेडासाठी हवीहवीशी वाटणारी ही काच जूनमध्ये डोक्यावर तापायला लागते आणि मग ब्लाइंडची शोधाशोध सुरू होते. शेवटचं पत्र पुण्याचं आहे. तिथलं ऊन वेगळं, म्हणून उत्तरही वेगळं.

प्रश्न : आमचं एक्स्टेन्शन ६ मीटर बाय ४ मीटरचं, दक्षिणेकडे तोंड असलेलं आहे. छतात १ बाय २ मीटरचे दोन स्कायलाइट आहेत. उन्हाळ्यात दुपारी तिथे बसवत नाही. ब्लॅकआउट ब्लाइंड लावला तर खोली थंड होईल का? (एक वाचक, हॅरो)

थोडीफार होईल, पण तुम्हाला अपेक्षा आहे तितकी नाही. कारण समजलं की निवड सोपी होते.

जूनच्या भर दुपारी लंडनमध्ये सूर्य क्षितिजापासून सुमारे ६२ अंश वर असतो. आभाळ निरभ्र असेल तर आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ८५० वॅटच्या आसपास ऊन पडतं. साधी दुहेरी काच त्यातलं निम्म्याहून जास्त आत सोडते. तुमची काच ४ चौरस मीटर आहे. म्हणजे दोन किलोवॅटचा हीटर जूनमध्ये छताला उलटा टांगून चालू ठेवल्यासारखं आहे.

ब्लाइंड काचेच्या खाली असेल तर ऊन काच ओलांडून आधीच घरात आलेलं असतं. पांढऱ्या किंवा अॅल्युमिनियमचा लेप दिलेल्या पाठीवरून त्यातलं काही परत बाहेर जातं. उरलेल्या उन्हाने कापड तापतं आणि ती धग खाली उतरते. गडद पाठीचं कापड असेल तर परत जाणारा भाग फारच थोडा. ब्लॅकआउट हा शब्द उजेडाबद्दल आहे, उष्णतेबद्दल नाही. दुकानात ही गल्लत नेहमी होते. रंगाचा नमुना बघताना म्हणूनच कापड उलटं करून पाठ बघा. खोलीच्या बाजूला हवा तो रंग घ्या, काचेकडची बाजू पांढरी किंवा चंदेरीच हवी.

ऊन अडवायचं तर ते काचेच्या वर अडवावं लागतं. घुमटाचं आवरण असलेल्या काही स्कायलाइटमध्ये घुमट आणि काच यांच्या मधोमध बसणारी जाळी मिळते. ती बाहेरून बसवतात आणि बहुतेक वेळा तिला छोट्या सोलर पॅनेलवर चालणारी मोटर असते, त्यामुळे छतातून वायर ओढावी लागत नाही. तुमच्याकडे वरची काच सपाट आणि उघडी असेल, तर त्या बनावटीसाठी बाहेरचा पडदा निघतो का, हे बनवणाऱ्यालाच विचारा. यात इकडचं तिकडे चालत नाही. जाळीतून आभाळ पुसट दिसत राहतं, अंधार होत नाही, ही तिची जमेची बाजू.

बाहेरचं काहीच जमण्यासारखं नसेल तर आतून लावा, पण वापरायची वेळ सांभाळा. सकाळी ऊन काचेवर यायच्या आधी ब्लाइंड बंद करायचा. खोली तापल्यावर दोन वाजता ओढला तर फक्त डोळ्यांना बरं वाटतं. स्कायलाइट उघडणारा असेल तर तो थोडा उघडा ठेवून बागेकडचं दारही उघडं ठेवा, म्हणजे ब्लाइंडच्या वर कोंडलेली गरम हवा निघून जाते.

आणखी एक. काच बदलायचीच वेळ आली तर ऊन अडवणारी, ०.३ ते ०.४ जी-व्हॅल्यूची काच मागा (उन्हाच्या उष्णतेचा किती भाग काच आत सोडते, तो हा आकडा). "मग हिवाळ्यात ऊब कमी मिळेल" अशी भीती घातली जाते. पण डिसेंबरात लंडनचा सूर्य दुपारीही जेमतेम १५ अंश वर येतो आणि आडव्या काचेवरून घसरून जातो. सपाट छतातल्या काचेतून हिवाळ्यात मिळणारी ऊब मुळातच थोडी असते. तिच्यासाठी सगळा उन्हाळा भाजून घेण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आम्ही स्वतः माप घेऊन ऑनलाइन ब्लाइंड मागवणार आहोत. चूक कुठे होते? (एक वाचिका, मिल्टन कीन्स)

सगळ्यात जास्त चुका होतात त्या गाळ्यात, म्हणजे छताच्या प्लास्टरपासून वर काचेपर्यंत जी चौकोनी विहीर दिसते तिथे. बाहेरून स्कायलाइट कारखान्यात बनलेला असतो, तो गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात असतो. आतला गाळा मात्र जागेवर लाकूड आणि प्लास्टरबोर्ड ठोकून केलेला असतो. तो गुण्यात असेलच असं नाही.

स्टीलची टेप घ्या, कापडी नको. रुंदी तीन जागी मोजा, दोन्ही टोकांना आणि मध्ये. लांबीही तशीच तीन जागी. माप मिलिमीटरमध्ये लिहा आणि तिन्हीतलं सगळ्यात लहान माप धरा. मग दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत ५ मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर चालून जातं. १० मिलिमीटरच्या वर गेला तर बाजूच्या पट्ट्या समांतर बसणार नाहीत आणि ब्लाइंड अर्ध्या वाटेत अडकेल. अशा वेळी गाळ्याच्या आत बसणारा नको. छताच्या प्लास्टरवर, गाळ्याबाहेर बसणारा घ्या किंवा आधी गाळा नीट करून घ्या.

हे माप ज्या उंचीवर ब्लाइंड बसणार आहे त्याच उंचीवर घ्यायचं. गाळा कधी वर अरुंद आणि खाली रुंद असतो, कधी उलटही. खालून हात पोहोचतो म्हणून खालचं माप घेतलं आणि ब्लाइंड १५ सेंटिमीटर वर बसवायचा ठरला, की पाच मिलिमीटरने फसगत होते. आणि तेवढी पुरते.

फॉर्मवर "गाळ्याचं माप" आणि "ब्लाइंडचं माप" असे दोन पर्याय असतात. गाळ्याचं दिलंत तर खेळती जागा बनवणारा स्वतः वजा करतो. तुम्हीही वजा केलीत तर दोनदा वजा होते आणि दोन्ही बाजूंनी उजेडाची रेघ राहते.

स्कायलाइट मोठ्या कंपनीचा तयार मापाचा असेल तर टेपची गरजच नाही. चौकटीवरच्या लेबलवर प्रकार आणि मापाचा क्रमांक छापलेला असतो. उदाहरणार्थ, वेलक्सच्या सपाट छतातल्या खिडकीवर ०९०१२० असेल तर ती ९० बाय १२० सेंटिमीटरची. तो पूर्ण क्रमांक कळवला की त्याच चौकटीत बसणारा ब्लाइंड येतो.

गाळा किती खोल आहे तेही मोजा. ब्लाइंड आणि काच यांच्यात निदान ५० मिलिमीटर मोकळी हवा हवी. उघडणारा स्कायलाइट असेल तर त्याची साखळीची मोटर किंवा दांड्याचं कडं गाळ्यात किती खाली येतं ते बघा. ब्लाइंड त्याच्याही खाली बसला पाहिजे. ब्लाइंड बसवल्यावर खिडकी उघडत नाही ही तक्रार इथूनच निघते.

स्क्रूबद्दल : उष्णतारोधक फोम चिकटवलेला प्लास्टरबोर्ड असेल तर त्यात स्क्रू धरत नाही. मागचं लाकूड शोधा आणि स्क्रू बोर्ड व फोम दोन्ही पार करून लाकडात निदान २५ मिलिमीटर जाईल एवढा लांब घ्या. डोक्यावरची वस्तू आहे, नुसत्या प्लास्टरच्या भरवशावर ठेवू नका.

प्रश्न : रोलर ब्लाइंड स्वस्त पडतो. तोच आडवा लावला तर? (एक वाचक, रेडिंग)

उभ्या खिडकीत खालच्या दांडीच्या वजनाने कापड ताणलेलं राहतं. आडव्या छतात ते वजन उपयोगाचं नाही, कापडाला झोळ पडतो. त्यामुळे दोन्ही बाजूंना पट्ट्या आणि ताण देणारी व्यवस्था असलेलाच ब्लाइंड लागतो. चुण्यांचा प्लीटेड असेल तर चुण्यांतून ताणलेल्या तारा जातात. रोलर असेल तर दोन्ही टोकांना स्प्रिंग आणि कडेला पट्टीत अडकणारं कापड हवं. पोळ्यासारखी घरं असलेला हनीकोम्ब आम्हाला सपाट छतासाठी सगळ्यात बरा वाटतो. त्याच्या घरांत हवा अडकते आणि रात्री ऊब धरून राहते. इंग्लंडच्या आजच्या नियमांत एक्स्टेन्शनच्या छताचं यू-मूल्य (ऊब किती निसटते तो आकडा, जितका कमी तितका बरा) ०.१५ लागतं, रूफलाइटला मात्र २.२ पर्यंत मुभा आहे. म्हणजे काचेच्या एका चौरस मीटरमधून छताच्या तेवढ्याच तुकड्यापेक्षा कितीतरी पट ऊब जाऊ शकते. डिसेंबरात चार वाजताच अंधारतं, तेव्हा ब्लाइंड ओढून घेतला तर फरक जाणवतो.

मागवण्याआधी एक गोष्ट विचारा : पूर्ण उघडल्यावर घडी किती जाडीची होते? तेवढी काच कायमची झाकली जाते. लहान स्कायलाइटवर ती जाडी डोळ्यांत येते.

प्रश्न : आमचा स्कायलाइट शेगडीच्या जवळ आहे. रोजची फोडणी, आठवड्यातून एकदा तळण. कोणतं कापड टिकेल? आणि थंडीत ब्लाइंडच्या वर पाणी साचतं ते गळतीचं का? (एक वाचिका, स्लाव)

दोन प्रश्न आहेत, पण दोन्हींचं मूळ वाफेत आहे.

तेलाची वाफ थेट वर जाते आणि जिथे पहिलं कापड भेटतं तिथे बसते. त्यावर धूळ, मग हळदीचा पिवळेपणा. हनीकोम्बची वर एवढी स्तुती केली, पण शेगडीच्या डोक्यावर तो नको. घरांच्या आत गेलेला चिकटा निघत नाही. तिथे पुसता येणारं, पीव्हीसी लेपाचं सपाट कापड ताणाच्या रोलरमध्ये घ्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा ब्लाइंड. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ कापडाने पुसा. प्लीटेड आधीच लावला असेल तर फोडणीच्या वेळी तो पूर्ण उघडून घडी शेगडीपासून दूरच्या कडेला ठेवा आणि चिमणी फोडणीच्या आधी दोन मिनिटं चालू करा, नंतर नव्हे. चिमणी हवा बाहेर टाकणारी हवी. कोळशाच्या फिल्टरची चिमणी वास थोडा कमी करते, वाफ तिथेच राहते.

आता पाण्याचं. पाऊस नसताना, थंड रात्रीनंतर सकाळी थेंब दिसत असतील तर तो काचेला सुटलेला घाम आहे. पाऊस सुरू असताना किंवा लगेच नंतर, एकाच कोपऱ्यातून येत असेल तर गळती. खात्री करायची तर ब्लाइंड दोन रात्री पूर्ण उघडा ठेवून बघा. थेंब कमी झाले तर घामच.

ब्लाइंडने घाम वाढतो, हे खरं आहे. ब्लाइंड बंद केला की खोलीची ऊब काचेपर्यंत पोहोचत नाही आणि काच जास्त गार पडते. ओलसर हवा मात्र कापडाच्या कडांमधून वर जातच राहते आणि गार काचेवर तिचं पाणी होतं. भात, डाळ, कुकरच्या शिट्ट्या, आत वाळत घातलेले कपडे, सगळ्याचं पाणी तिथे जमतं. संध्याकाळचा स्वयंपाक झाल्यावर अर्धा तास ब्लाइंड उघडा राहू द्या, मग ओढा. सकाळी उठल्याबरोबर उघडा. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत आहे का हे बघायला साधा आर्द्रतामापक पुरतो. ६० च्या वर राहत असेल तर ब्लाइंड बदलून काही होणार नाही, हवा बदलावी लागेल.

इथे एक बारीक गोष्ट. सपाट म्हणतात ते छत खरं सपाट नसतं. पाण्यासाठी त्याला ढाळ असतो, आखताना ४० ला १ (४० मीटर लांबीला १ मीटर उतार) आणि पूर्ण झाल्यावर निदान ८० ला १. काचही त्याच अंगाने किंवा थोडी जास्त कललेली असते. आतल्या बाजूचा घाम काचेवरून सरकत खालच्या कडेला येतो आणि तिथून टपकतो. म्हणून ब्लाइंडची घडी आणि मोटर वरच्या कडेला ठेवा. खालच्या कडेला ठेवलेल्या चुण्यांवर वर्षभरात काळे ठिपके दिसतात. ती बुरशी असते.

प्रश्न : आमच्या एक्स्टेन्शनचं काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय. मोटरचा ब्लाइंड घ्यायचा आहे. बॅटरी, सोलर की वायर? (एक वाचक, लेस्टर)

काम अजून सुरू व्हायचं असेल तर वायर. यात आमचं दुमत नाही. प्लास्टरबोर्ड चढण्यापूर्वी प्रत्येक गाळ्यात वायर आणून ठेवायला इलेक्ट्रिशियनला फारसा वेळ लागत नाही. बोर्ड आणि रंग झाल्यावर तेच काम म्हणजे छत फोडणं.

त्याला तीन गोष्टी सांगा. वायर गाळ्याच्या ज्या कडेला घडी राहणार त्याच कडेच्या कोपऱ्यात यावी आणि अर्धा मीटर जास्तीची गुंडाळून ठेवावी. तिच्यासाठी ३ अँपिअर फ्यूजचा स्वतंत्र स्विच द्यावा. २४ व्होल्टची मोटर घेणार असाल तर ट्रान्सफॉर्मर छतात गाडू नये, कपाटात हात पोहोचेल अशा जागी ठेवावा. तो कधी ना कधी बदलावा लागतोच. किती वायरी आणि कोणत्या, हे मोटर ठरल्यावर तिच्या कागदावर बघून ठरवा. आर्किटेक्टला सांगून गाळ्याच्या वरच्या कडेला १०० ते १२० मिलिमीटरचा खण ठेवून घेता आला तर फारच उत्तम. घडी त्यात जाते आणि पूर्ण काच मोकळी राहते.

बांधकाम झालेल्या घरात चार्ज होणारी बॅटरी ठीक. चार्जिंगची पिन मात्र कुठे आहे ते विकत घेण्याआधी बघा. २.७ मीटरवर असेल तर दर काही महिन्यांनी शिडी आली. लांब वायरने खालून चार्ज होणारे प्रकार मिळतात. सोलरचं पॅनेल काच आणि ब्लाइंड यांच्या मध्ये बसतं. वरची काच शेवाळलेली असेल किंवा ऊन अडवणारी असेल तर त्याला पुरेसा उजेड मिळत नाही आणि डिसेंबर-जानेवारीत मोटर मध्येच थांबते. स्वयंपाकघरात एकच छोटा स्कायलाइट असेल, तर मोटरच हवी असं नाही. लांब दांड्याने ओढायचा ब्लाइंड वर्षानुवर्षं चालतो.

काम सुरू व्हायच्या आधीच विचारताय म्हणून हेही सांगतो : इंग्लंडच्या नियमांत एक्स्टेन्शनची एकूण काच साधारणपणे त्याच्या जमिनीच्या २५ टक्क्यांपर्यंत धरतात, त्यात एक्स्टेन्शनमुळे झाकल्या गेलेल्या जुन्या दारं-खिडक्यांचं क्षेत्र मिळवता येतं. बागेकडची मोठी सरकती दारं आणि मोठे स्कायलाइट दोन्ही हवे असतील तर हा हिशेब आधी मांडा. आणि एक बघा, एकमजली एक्स्टेन्शनच्या छतावर वरच्या बेडरूमची खिडकी उघडते, तुमची आणि शेजाऱ्यांचीही. रात्री खाली दिवा लागला की उजेड थेट तिथे जातो. मुलं वर झोपत असतील तर ब्लॅकआउट कापड खालच्या खोलीपेक्षा वरच्या खोलीसाठी जास्त कामाचं ठरतं.

प्रश्न : साखळीचा ब्लाइंड आहे, घरात दोन वर्षांचं मूल आहे. धोका आहे का? (एक वाचिका, हॅरो)

साखळीचा फेर गळ्यात अडकण्याचा धोका खरा आहे. ब्रिटनमध्ये २०१४ पासून कडक झालेल्या मानकानुसार फेराचं खालचं टोक जमिनीपासून निदान १.५ मीटर वर हवं आणि साखळी भिंतीला पक्क्या केलेल्या क्लिपमध्ये ताणलेली हवी. सोबत आलेली क्लिप खोक्यातच राहिली असेल तर आजच लावा. खाली सोफा, खुर्ची, बाकडं काही ठेवू नका. शक्य असेल तर दांड्याचा किंवा मोटरचा घ्या, साखळीच नको.

प्रश्न : ब्लाइंडमुळे काच तडकते असं एकाने सांगितलं. खरं का? (एक वाचक, रेडिंग)

होऊ शकतं. काच आणि ब्लाइंड यांच्यात हवा कोंडली की काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड गारच राहते. हा फरक साध्या काचेला सोसत नाही. रूफलाइटची आतली काच सहसा लॅमिनेटेड असते, फुटली तर अंगावर पडू नये म्हणून. पण ती साध्या काचेचे दोन थर जोडून केलेली असेल तर तिला हा धोका असतोच. टफन्ड, म्हणजे तापवून झटकन गार करून कणखर केलेली काच बरंच सोसते. म्हणून बनवणाऱ्याला दोन गोष्टी लेखी विचारा : आतली काच कोणती आणि आतून ब्लाइंड लावायला हरकत आहे का. गडद पाठीचं कापड, काचेला टेकलेला ब्लाइंड आणि भर उन्हात तासन्‌तास अर्धवट ओढून ठेवलेला ब्लाइंड, हे तिन्ही टाळा. आतून चिकटवायची उन्हाची फिल्मही याच कारणाने विचारल्याशिवाय लावू नका. तिच्यामुळे काचेची हमी जाऊ शकते.

प्रश्न : पुण्यात आमच्या बंगल्याच्या जिन्यावर स्लॅबमध्ये काच बसवली आहे. मुलीच्या लंडनच्या घरी पाहिला तसा हनीकोम्ब ब्लाइंड इथे लावावा का? (एक वाचक, पुणे)

नको. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. लंडनला तो कधीच इतका वर चढत नाही. काचेच्या खाली काहीही लावलंत तरी जिना तापणारच आणि जिना हा घरातला धुरांड्यासारखा भाग असल्याने गरम हवा वरच्या मजल्यावर साचणार.

काचेच्या वर ३० सेंटिमीटर उंचीवर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची चौकट करून घ्या आणि तिच्यावर ७५ टक्के ऊन अडवणारी, उन्हात टिकणारी (यूव्ही) शेडनेट ताणून बांधा. काच आणि जाळी यांच्यातून वारा खेळला पाहिजे, म्हणून चारही बाजू मोकळ्या ठेवा. जाळी नायलॉनच्या दोरीने कड्यांना बांधा, म्हणजे वळवाच्या पावसाआधी सोडून ठेवता येते. बांधलेली ठेवली तर सोसाट्याच्या वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि चौकट काचेवर आपटते. जिन्याच्या माथ्यावर, स्लॅबच्या लगेच खाली, दोन समोरासमोरच्या भिंतींत डासांची जाळी लावलेले लूव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांचे झरोके करा. गरम हवेला वाट मिळाली की निम्मं काम झालं.

काच नुसती टफन्ड असेल तर ती बदला. टफन्ड फुटली की बारीक तुकड्यांचा सडा खाली येतो, आणि खाली जिना आहे. डोक्यावर लॅमिनेटेडच हवी. मेच्या अखेरीला जाळी उतरवलीत की काचेभोवतीचं सिलिकॉन बोटाने दाबून बघा. जिथे ते कडक होऊन सुटलंय तिथलं जुनं पूर्ण खरवडून काढा, जागा कोरडी करा आणि मग नवीन भरा. जुन्यावर नवा थर दिला तर पहिल्या मोठ्या सरीत पाणी त्याच फटीतून येतं.